लांब केसांच्या सशाला आंघोळ नको, रोजची फणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना सुट्टी लागली की आमच्या नाशिकमध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मुलांची गर्दी होते आणि त्यांतली बरीचशी मुले एखादा गुबगुबीत, केसाळ ससा घेऊन घरी परततात. पांढराशुभ्र अंगोरा किंवा मानेभोवती आयाळ असलेला लायनहेड पाहिल्यावर कोणाही मुलाचे मन त्याच्यावर जडावे यात नवल नाही. मात्र त्या सशासोबत दुकानातून जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा ‘आठवड्यातून एकदा आंघोळ घाला, बाकी काही लागत नाही’ एवढाच असतो, आणि नेमका हाच सल्ला सशाच्या जिवावर उठतो. गेली अनेक वर्षे मी लांब केसांचे ससे पाळत आहे आणि ओळखीच्या कुटुंबांतील सशांचे केस विंचरून, कातरून देण्याचे कामही आवडीने करते. त्या अनुभवावरून आणि पशुवैद्यांकडून वेळोवेळी शिकलेल्या गोष्टींवरून आपल्या वाचकांसाठी हे पत्र लिहीत आहे. पावसाळा तोंडावर आहे आणि या सशांसाठी तो उन्हाळ्याइतकाच कठीण असतो, म्हणून ते आताच लिहिणे मला आवश्यक वाटले.

आंघोळीबद्दल आधी लिहिते, कारण सर्वाधिक नुकसान तिनेच होते. गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका घरी नव्याने आणलेल्या अंगोरा सशाला, विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे, सकाळच्या वेळी कुत्र्यांच्या शॅम्पूने न्हाऊ घातले गेले. टॉवेलने पुसल्यावर वरचे केस कोरडे दिसत होते, पण दुपारी मला बोलावणे आले तेव्हा मी बोटांनी केस बाजूला करून पाहिले, तर कातडीलगतची लोकर पिळावी इतकी ओली होती, कान गार पडले होते आणि ससा कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. त्याने सकाळपासून काहीही खाल्ले नव्हते. पशुवैद्यांकडे नेऊनही तो दुसऱ्या दिवशी दगावला. त्या कुटुंबाने काळजी घेण्यात कसूर केली नव्हती. त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी मनापासून केले होते. सशाच्या अंगावरची दाट लोकर पाणी धरून ठेवते आणि ती पूर्ण वाळायला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात त्याच्या शरीराचे तापमान उतरते, आणि अंगभर पाणी पडल्याच्या भीतीनेच काही ससे हाय खाऊन मरतात. धडपडीत पाठीचा कणा मोडण्याचा धोका वेगळाच, कारण सशाची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू अतिशय जोरकस असतात. शिवाय ओल्या लोकरीत आधीच असलेल्या गाठी आवळून आणखी घट्ट होतात, म्हणजे ज्या स्वच्छतेसाठी हा खटाटोप करायचा तीही साधत नाही.

निरोगी ससा स्वतःचे अंग दिवसातून अनेकदा चाटून स्वच्छ ठेवतो. पुढचे पंजे ओले करून तोंड पुसणे, कान खाली ओढून चाटणे, पाठ वळवून कमरेपर्यंत पोहोचणे हे त्याचे काम अखंड चाललेले असते. आखूड केसांच्या सशाला एवढे पुरते. लांब केसांच्या सशाला ते पुरत नाही, कारण हे केस निसर्गाने दिलेले नसून माणसाने निवडक पैदाशीतून वाढवलेले आहेत. ज्या युरोपीय रानसशापासून जगातले सर्व पाळीव ससे आले, त्याचे केस आखूडच असतात. अंगोरा सशाचे केस मात्र महिन्याला साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर वाढत राहतात आणि ते इतके तलम असतात की आपोआप एकमेकांत गुंततात. हिमाचल प्रदेशात कुलू खोऱ्यातील गडसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर अनुसंधान संस्थेच्या प्रादेशिक केंद्रात अंगोरा सशांवर काम चालते. त्या थंड प्रदेशात लोकरीसाठी हे ससे पाळणारे लोक साधारण अडीच ते तीन महिन्यांनी त्यांची लोकर कातरतात. आपल्याकडे तोच ससा शोभेसाठी आणला जातो आणि त्याची लोकर वर्षानुवर्षे तशीच राहू दिली जाते. मेंढरांची कातरणी वेळच्या वेळी करणारा आपला धनगर समाज जे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, ते सशाच्या बाबतीत शहरात कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

चाटताना पोटात जाणारे केस ही या सशांची सर्वांत मोठी अडचण आहे. सशाला उलटी करता येत नाही. मांजर जसे गिळलेले केस ओकून टाकते तसे त्याला जमत नाही. जे आत गेले ते आतड्यातून पुढेच सरकले पाहिजे. आहारात गवत भरपूर असेल आणि ससा पुरेसे पाणी पीत असेल तर केस लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. गवत कमी आणि दाणे किंवा पेलेट (दुकानात मिळणाऱ्या तयार खाद्याच्या गोळ्या) जास्त असतील, तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटातले केस व अन्न एकत्र होऊन घट्ट गोळा बनतो. लेंड्या केसांच्या धाग्याने माळेसारख्या एकमेकींना जोडून पडू लागल्या तर ती पहिली सूचना समजावी आणि त्याच दिवसापासून विंचरणे व गवत दोन्ही वाढवावे. ससा दहा-बारा तास काही खात नसेल आणि लेंड्याही पडत नसतील तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्याला तातडीने पशुवैद्यांकडे न्यावे. आपल्याकडे आयात केलेले टिमोथी गवत महाग मिळते म्हणून अनेक जण गवतच देत नाहीत. खरे तर हरळी, मारवेल, पवन्या यांसारखी आपली स्थानिक गवते स्वच्छ, औषध न फवारलेली आणि नीट वाळवलेली मिळाली तर उत्तम चालतात. लसूणघास मात्र पूर्ण वाढलेल्या सशाला रोज देऊ नये. तिच्यात कॅल्शियम जास्त असते, त्यामुळे मूत्र गढूळ व चिकट होते आणि मागच्या भागाची लोकर त्यात माखून राहते.

आता विंचरण्याविषयी सविस्तर लिहिते, कारण लोक मला विचारतात ते मुख्यतः हेच. अंगोरासारख्या सशाला रोज दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. लायनहेडला केवळ मानेभोवती व कुशीला लांब केस असतात, त्याला एक दिवसाआड चालते. मात्र केस झडण्याच्या दिवसांत त्यालाही रोजच विंचरावे लागते. टेबलापेक्षा जमिनीवर बसावे, म्हणजे ससा उडी मारून खाली पडत नाही. मांडीवर जाडसर टॉवेल घालून त्याला पोटावर बसू द्यावे आणि सुरुवातीला नुसता हात फिरवावा. बारीक दातांच्या फणीने एकदम सुरुवात केली तर केस ओढले जातात आणि ससा दुसऱ्या दिवसापासून हात लावू देत नाही. म्हणून आधी बोटांनी केसांचे लहान लहान पट्टे वेगळे करावेत, मग विरळ दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे सरकत चालवावा आणि शेवटी बारीक फणी फिरवावी. कुत्र्यांसाठी मिळणारे टोकदार तारांचे ब्रश सशाच्या नाजूक कातडीवर ओरखडे काढतात, ते जपून वापरावेत किंवा वापरूच नयेत. निघालेले गुंतवळ लगेच बाजूच्या डब्यात टाकावे. ते मांडीवर राहिले तर ससा तेच खातो. हे काम होत असताना ससा दात हलकेच कुरकुरवत असेल तर त्याला बरे वाटत आहे असे समजावे, पण दात मोठ्याने करकरा वाजवणे ही वेदनेची खूण आहे आणि तिथेच थांबावे.

गाठी बहुधा ठरावीक जागी होतात: कानांच्या मागे, हनुवटीखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी. पाठ वरून छान दिसत असल्यामुळे मालकाला वाटते की ससा स्वच्छ आहे, आणि पोटाखाली नमद्यासारखा थर जमलेला असतो. असा थर कातडीला सतत ओढत राहतो, त्याखाली हवा जात नाही, घाम नसला तरी मूत्राची ओल राहते आणि कातडी लाल होऊन सोलवटते. लहान गाठ असेल तर गाठ आणि कातडी यांच्यामधले केस दोन बोटांच्या चिमटीत धरावेत, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही, आणि गाठीवर थोडे कॉर्नफ्लोअर चोळून ती टोकाकडून हळूहळू सोडवावी. टाल्कम पावडर अजिबात वापरू नये. तिचा भुगा सशाच्या फुप्फुसांत जातो. गाठ कातडीला चिकटलेली असेल तर ती सोडवण्याचा हट्ट न करता कापावी, पण इथे अत्यंत सावध राहावे लागते. सशाची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ वर उचलली की तिच्याबरोबर कातडीही वर येते, आणि लोकरीच्या आत ती दिसत नसल्यामुळे कात्री सरळ कातडीवर चालते. अशा जखमा मी पाहिल्या आहेत. दोन बोटे रुंद फाटलेली कातडी टाके घालून शिवावी लागते. त्यावर उपाय सोपा आहे. गाठीच्या खाली, कातडीला टेकवून कंगवा सरकवावा आणि कात्री नेहमी कंगव्याच्या वरून चालवावी, म्हणजे दोहोंमध्ये कंगव्याची भिंत राहते. कात्री बोथट टोकाची असावी. एकाच बैठकीत सर्व गाठी काढण्याचा आग्रह धरू नये. अंगभर थर जमला असेल तर ते काम घरी न करता सशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडेच सोपवावे.

सशाला उताणे करून पोट विंचरण्याची पद्धत आंतरजालावरील चित्रफितींमध्ये सर्रास दाखवली जाते. उताणा केलेला ससा निश्चल पडून राहतो, त्याला ‘झोप लागली’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती भीतीने गोठल्याची अवस्था असते, शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर येते तशी. पोट विंचरायचे असल्यास एकाने सशाला उभे, आपल्या छातीशी टेकवून, मागच्या पायांखाली तळहाताचा भक्कम आधार देऊन धरावे आणि दुसऱ्याने काम करावे. दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत असेल तर मध्ये विसावा द्यावा.

माझे स्वतःचे मत असे आहे की महाराष्ट्रात लांब केसांचा ससा पाळायचाच असेल, तर त्याचे केस लांब ठेवण्याचा मोह सोडावा. फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत अंगावरची लोकर दोन-अडीच सेंटीमीटरच्या पुढे वाढू देऊ नये. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि 28 ते 30 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की त्याला त्रास सुरू होतो. जळगाव, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो, नाशिक-पुण्यातही चाळिशी ओलांडली जाते, आणि तिथे हा प्राणी अंगावर लोकरीचा गठ्ठा घेऊन गच्चीवरच्या पिंजऱ्यात बसलेला असतो. केस कातरल्यावर ससा ‘चांगला दिसत नाही’ अशी तक्रार मुले करतात, त्यांना हे कारण शांतपणे सांगितले तर ती लगेच समजून घेतात. पायांच्या तळव्यांवरचे केस मात्र मुळापासून कापू नयेत. सशाच्या पंजाला कुत्र्या-मांजराप्रमाणे गादी नसते, ती जागा हे केसच भरून काढतात. ते काढले किंवा पिंजऱ्याचा तळ उघड्या तारेचा असला की टाचांना फोड येऊन चिघळतात.

पावसाळ्यातील धोका वेगळा आणि अधिक भयंकर आहे. मूत्राने किंवा पातळ विष्ठेने माखलेल्या लोकरीवर माश्या अंडी घालतात, एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि त्या जिवंत सशाची कातडी व मांस पोखरू लागतात. गुरांच्या जखमेत किडे पडतात हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. सशाच्या बाबतीत आधी जखम असावीच लागते असे नाही, घाण व ओल पुरेशी होते. लांब केसांमुळे ते वरून दिसतही नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात सकाळ-संध्याकाळ शेपटीखालचा भाग केस बाजूला करून पाहावा आणि तिथली लोकर आखूड कातरलेली ठेवावी. अळ्या दिसल्यास घरगुती उपाय करत न बसता तासाभरात पशुवैद्यांकडे पोहोचावे.

मागचा भाग वारंवार माखत असेल तर तो केवळ धुऊन प्रश्न सुटत नाही, कारण ते आजाराचे लक्षण असते. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक म्हणजे आपल्याला परिचित असलेल्या कोरड्या, गोल लेंड्या, आणि दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या छोट्या घडासारखी. ही दुसरी विष्ठा तो थेट गुदद्वारातूनच खातो, कारण तिच्यात त्याला आवश्यक असलेली जीवनसत्त्वे व प्रथिने असतात. वजन वाढलेल्या, सांधे दुखणाऱ्या किंवा दातांचा विकार जडलेल्या सशाला तिथपर्यंत वाकता येत नाही किंवा खाता येत नाही, आणि ती लोकरीत चिकटून बसते. गुदद्वाराभोवतीचे लांब केस आड आल्यानेही असे होते. कधी सततच्या पोळ्या, बिस्किटे आणि फळे हेच कारण असते, आणि लाडाने बिस्किटे भरवणाऱ्या आजी-आजोबांना हे सांगणे मला नेहमीच अवघड जाते. तेवढाच भाग धुणे भाग पडले तर पसरट भांड्यात दोन बोटे कोमट पाणी घेऊन केवळ मागचा भाग त्यात धरावा, साबण लावू नये आणि कातडीपर्यंत कोरडे होईपर्यंत टॉवेल बदलत पुसत राहावे. हनुवटीखालची लोकर सतत ओली राहत असेल तर दात तपासून घ्यावेत.

विंचरताना कोंडा पडताना दिसला, विशेषतः मानेमागे आणि पाठीवर, तर लोकरीतील सूक्ष्म माइट किड्यांची शंका घ्यावी. कानात तपकिरी खपल्यांचे थर साचले असतील तर ती कानाची खरूज असते. त्या खपल्या ओढून काढू नयेत, आतली कातडी रक्तबंबाळ होते. गोल चट्ट्यांत केस गेले असतील तर गजकर्ण असू शकते आणि ते मुलांनाही होते. या सर्वांवर चांगले उपचार आहेत, मात्र ते पशुवैद्यांनी सशाचे वजन पाहून ठरवायचे असतात. इथे एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचे जे थेंब औषधाच्या दुकानात सहज मिळतात, त्यांतील फिप्रोनिल हा घटक सशासाठी विषारी आहे. घरात कुत्रा असेल आणि उरलेले थेंब सशाला लावण्याचा विचार कोणी करत असेल, तर कृपया तसे करू नये.

नखे चार ते सहा आठवड्यांनी कापावी लागतात. पांढऱ्या नखात गुलाबी रक्तवाहिनी दिसते, काळ्या नखामागे बॅटरीचा उजेड धरल्यास तीही दिसते. तिच्या थोडे अलीकडे कापावे आणि चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे.

आता माझी विनंती. केंद्र सरकारने 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले आहेत आणि त्यांनुसार अशा दुकानांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी देताना व तिचे नूतनीकरण करताना, लांब केसांचा ससा विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने ग्राहकाला मराठीत छापलेली एक पानाची माहिती द्यावी, अशी अट मंडळाने घालावी. रोज विंचरावे लागेल, दर दोन-तीन महिन्यांनी कातरावे लागेल, आंघोळ घालायची नाही आणि उन्हाळ्यात घराच्या सर्वांत गार खोलीत ठेवावे लागेल, ही चार वाक्ये विकत घेण्यापूर्वी वाचायला मिळाली तर ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही ती कुटुंबे आखूड केसांचा ससा घेतील किंवा घेणारच नाहीत, आणि दोन्ही गोष्टी सशाच्या हिताच्याच होतील. ही माहिती तयार करण्याचे काम नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाला सहज करता येईल. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर येथील त्याच्या महाविद्यालयांनी सशांचे केस कातरण्याची प्रात्यक्षिके महिन्यातून एखाद्या रविवारी पालकांसाठी ठेवली, तर आम्ही अनेक जण मुलांना घेऊन येऊ. कंगवा कातडीला टेकवून कात्री कशी चालवायची, हे एकदा समोर पाहिल्याशिवाय हाताला येत नाही.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत पशुवैद्यांच्या प्रश्नोत्तरांना थोडी जागा मिळाल्यास पावसाळ्यापूर्वी हा विषय अधिक अधिकारवाणीने वाचकांपर्यंत पोहोचेल. तशी सोय व्हावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक